दोन फुटी टँकमध्ये नक्की कोणते मासे ठेवावेत?

मृण्मयी_बाणेर

भावाने त्याचा वापरात नसलेला काचेचा टँक दिला आहे. लांबी २ फूट, रुंदी १ फूट, उंची १ फूट. झाकण आणि दिवा आहे, फिल्टर नाही. दुकानदाराने यादी लिहून दिली: गोल्डफिशची एक जोडी, एंजलची एक जोडी, टायगर शार्क २, निऑन ४, गप्पी ४ आणि साफसफाईला सकर १. "सगळे लहानच आहेत, आरामात मावतील" असं तो म्हणाला. टँक आज भरा आणि मासे उद्या न्या, असंही म्हणाला.

मुलगी आठ वर्षांची आहे. तिला रंगीत आणि सतत हलणारे मासे हवेत. मला ते महिन्याभरात मरायला नको आहेत. यादीतलं काय ठेवू, काय काढू?

पाणवठा

आधी टँकमध्ये पाणी किती मावतं ते बघू. बाहेरून ६० × ३० × ३० सेंमी म्हणजे ५४ लिटर, दुकानदार हाच आकडा सांगतो. त्यातून काचेची जाडी, तळाला ३ सेंमी खडी आणि वर ३ सेंमी मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४० ते ४२ लिटर भरतं. सगळा हिशोब ४० वर करा. (भरलेल्या टँकचं वजन ६० किलोच्या आसपास जाईल. खाली सपाट, भक्कम टेबल आणि थर्माकोलची शीट हवी.)

आता यादी. मासा आज केवढा आहे ते विसरा, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते बघा.

टायगर शार्क: बहुतेक दुकानांत या नावाने पंगासिअस विकतात. हॉटेलात 'बासा' म्हणून जो मासा ताटात येतो तोच हा. मीटरभर लांब होऊ शकतो. घाबरट आहे, काचेवर धडकून नाक फोडून घेतो. तो घरगुती टँकचा मासाच नाही.

सकर: दीड फुटापर्यंत जातो. लहान असताना शेवाळ खातो, मोठा झाल्यावर जेवढी साफसफाई करतो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. मोठा झाला की लोक त्याला तळ्यात, नदीत सोडतात आणि तिथे तो देशी माशांच्या मुळावर येतो. हेही करू नका.

एंजल: लांबी १५ सेंमी, पण वरचा-खालचा पर धरून उंची २० सेंमीच्या पुढे. तुमच्या पाण्याची खोली जेमतेम २४. शिवाय वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन सहज मावतो.

गोल्डफिश: फुगीर जातीसुद्धा १५ ते २० सेंमी होतात, लांब शेपटीवाला साधा त्याहून मोठा. पोट नसलेला मासा आहे, खाल्लेलं भराभर बाहेर टाकतो, त्यामुळे अमोनिया भरपूर. त्याला गार पाणी हवं, बाकी यादीला कोमट.

निऑन आणि गप्पी आकाराने बसतात, पण एकाला मऊ (कमी क्षारांचं) पाणी लागतं आणि दुसऱ्याला कठीण (जास्त क्षारांचं). त्यामुळे पुढचं सांगण्याआधी एक प्रश्न: तुमच्याकडे पाणी कुठलं? पालिकेचं, बोअरचं की टँकरचं? टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), पीएच (पाणी आम्ल की अल्कली), जीएच (पाण्याचा कठीणपणा) आणि केएच (पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट) मोजून इथे लिहा. टीडीएसचा पेन आणि थेंबांचं टेस्ट किट, दोन्ही मासे आणण्याआधी घ्या.

खेकडा

एवढं घाबरवू नका हो. एक इंच माशाला चार लिटर हा साधा नियम आहे. ४० लिटरला १० इंच मासा. दोन छोटे गोल्डफिश आरामात बसतात.

चिंगूळ

तो नियम दीड-दोन इंचाच्या बारीक माशांसाठी ठीक, मोठ्यांना लावला की फसतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. ५ सेंमीचे दोन मासे आणि १० सेंमीचा एक, लांबी सारखीच. पण तो एक मासा त्या दोघांच्या चौपट वजनाचा असतो, खातो आणि घाण करतो तीही कितीतरी जास्त. नियमाप्रमाणे ४० लिटरमध्ये १० इंची ऑस्करसुद्धा बसायला हवा. तो त्यात वळूही शकणार नाही.

आणि ते 'जोडी' प्रकरण. आपल्याकडे मासे जोडीने विकतात म्हणून लोक सहा जातींच्या सहा जोड्या आणतात. निऑन, रासबोरा, दानिओ, कोरिडोरास हे थव्याने राहणारे मासे आहेत. दोन-तीनच ठेवले तर कोपऱ्यात लपतात, रंग फिके पडतात, किंवा एकमेकांना चावत सुटतात. सहाच्या खाली आणू नका, आठ असले तर उत्तम. मुलीला 'हलणारे' मासे हवे असतील तर बारा जातींपेक्षा एका जातीचे आठ मासे जास्त हलतील.

मृण्मयी_बाणेर

धन्यवाद! सोसायटीत पालिकेचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत येतं, उन्हाळ्यात टँकर. आज मोजलं: टीडीएस ४२०, पीएच ८, जीएच १६, केएच १०. पाणी एक दिवस उघडं ठेवून पुन्हा मोजलं तेव्हा पीएच ८.२ आला. किट चुकतंय का?

पाणवठा

किट बरोबर आहे. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच थोडा चढतो. तुमच्या टँकचा खरा पीएच ८.२च धरा.

हे कठीण पाणी आहे. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक असंच असतं. नुसतं धरणाचं पाणी येणाऱ्या घरांत, मग ते पुण्यात असो की मुंबईत, पाणी बरंच मऊ असतं आणि तिथे उलट अडचण येते: केएच कमी, पीएच हळूहळू घसरतो आणि गप्पी-मोली आखडून जागच्या जागी थरथरतात. ते लोक फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घालतात. तुम्हाला त्याची गरज नाही, तुम्ही घालूही नका. सजावटीला शिंपले आणि संगमरवरी खडीही नको.

पीएच उतरवायच्या बाटल्या घेऊ नका. केएच १० असताना पीएच आज उतरेल आणि उद्या परत वर येईल. माशाला ८.२ सोसतो, रोजचा हेलकावा सोसत नाही.

तुमच्या पाण्यात एक धोका मात्र खरा आहे. अमोनियाची दोन रूपं असतात आणि त्यातलं एकच खरं विषारी. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर रंग तोच दिसला तरी विष दहापट. 'आज टँक भरा, उद्या मासे न्या' हा सल्ला मऊ पाण्यात वाईट आहे, तुमच्याकडे तर पाचव्या-सहाव्या दिवशी मासे पालथे होतील.

त्यामुळे आधी फिल्टर. ४० लिटरला एअर पंपावर चालणारा मध्यम आकाराचा स्पंज फिल्टर पुरे. किंवा काचेला टांगायचा, तासाला २०० ते ३०० लिटर फिरवणारा. त्याच्या तोंडाला स्पंज लावा.

टँक भरून, क्लोरीन काढून फिल्टर चालू करा. सोललेल्या कोलंबीचा एक तुकडा जुन्या मोज्यात किंवा फडक्यात बांधून पाण्यात सोडा. तो कुजतो, अमोनिया तयार होतो, त्यावर जिवाणू वाढतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. तीन-चार दिवसांनी अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) वर दिसला की तुकडा काढून टाका. घरात वास सुटला म्हणजे तुकडा फार मोठा घेतला. पुढे अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. मधूनमधून माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार. एकूण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यातला मळका स्पंज तुमच्या फिल्टरशेजारी ठेवा, निम्मा वेळ वाचेल. मळका म्हणून तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात.

शेवाळे_काका

क्लोरीनचं जरा सविस्तर. पालिकेचं पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवलं, आत एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला, तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोर, बाटलीवरच्या मापाने. टँकरच्या पाण्यात कधीकधी क्लोरीन ठोकून घातलेला असतो, म्हणून टँकर आला त्या दिवशी पाणी बदलू नका.

आणखी एक, दुकानदार अँटीक्लोरबरोबर निळं औषध आणि खडा मीठ देतो आणि "दर आठवड्याला टाका" सांगतो. दोन्ही नको. निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू, ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं. मीठ बाष्पाबरोबर उडत नाही, साठत जातं. कोरिडोरासला आणि बऱ्याच वनस्पतींना ते सोसत नाही. नायट्राइट चढल्यावर लिटरला १ ग्रॅम मीठ हा तातडीचा उपाय आहे, रोजचा मसाला नव्हे.

चिंगूळ

आता मासे. मृण्मयीताई, तुमच्या पाण्यात दोन वाटा आहेत.

पहिली: पाणी आहे तसं ठेवा, त्याला मानवणारे मासे आणा. गप्पी, प्लॅटी, एंडलर हे कठीण पाण्यातच खुलतात. झेब्रा दानिओ कशालाही फारसा नाक मुरडत नाही, पण त्याला पोहायला लांबी लागते. तुमचा दोन फुटी टँक त्याच्यासाठी कमीत कमी. तळाला फार्ममध्ये वाढवलेले ब्राँझ किंवा पेपर्ड कोरिडोरास चालतील, पण खडीऐवजी बारीक वाळू घाला, धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात.

मोली घेऊ नका. पाणी मानवेल, पण वाढून ८ ते १० सेंमी होतात आणि खादाड असतात. टायगर बार्ब तर अजिबातच नको, गप्पीच्या शेपट्या कुरतडून ठेवतील.

दुसरी वाट: घरचं आरओचं पाणी निम्मं मिसळायचं. आरओचा टीडीएस ४० धरला तर ४२० बरोबर निम्मं-निम्मं मिसळून २३० होतं, जीएच ८च्या आसपास येतो. त्यात हार्लेक्विन रासबोरा आठ आणि हनी गौरामी दोन अशी सुंदर जुळणी होते. आठवड्याला १० लिटर पाणी बदलायचं म्हणजे ५ लिटर आरओ, तेवढं निघतं. मिश्रण बादलीतच करायचं, टँकमध्ये नाही. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी चुकूनही वापरू नका, त्यात काढून टाकलेले सगळे क्षार असतात.

निऑनसाठीही ही वाट चालेल, पण निऑन नव्या टँकमध्ये टिकत नाही. टँक तीन-चार महिने मुरल्यावर विचार करा.

खेकडा

गप्पी सुचवताय, पण चार आणले की दिवाळीपर्यंत चारशे होतात हे नाही सांगितलं :)

चिंगूळ

सांगायचंच होतं. मादी चार आठवड्यांनी २० ते ५० पिल्लं देते आणि नराशिवायही देत राहते, कारण एका मीलनाचं बीज ती काही महिने साठवून ठेवते. दुकानातली मोठी मादी गाभणच असणार असं समजा. म्हणून ४० लिटरमध्ये फक्त नर आणा, ८ नर. रंगही नरांनाच असतो. ओळखायचं कसं: नराचा पोटाखालचा, शेपटीजवळचा पर टोकदार काडीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा, आणि मादीच्या पोटाच्या मागच्या भागावर गडद डाग असतो. बारीक पिल्लांमध्ये हे कळत नाही, म्हणून पिल्लं घेऊ नका.

डासांसाठी पालिकेचे लोक हौदात सोडतात ते साधे गप्पीही हेच. पण जास्तीची पिल्लं ओढ्यात किंवा विहिरीत सोडणं ही समाजसेवा नव्हे. दुकानात परत द्या.

नागपूरकर_उन्हाळा

तापमानाबद्दल कोणीच बोललं नाही. पुण्यात हिवाळ्यात रात्री घरात पाणी १९-२० पर्यंत उतरतं. दानिओला चालतं, गप्पीला आणि हनी गौरामीला नाही. ५० वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर २५ वर लावा. तो पूर्ण बुडालेला असू द्या, आणि पाणी बदलताना आधी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते.

उन्हाळ्यात उलटं. २५ अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ला ७.३. त्यात माशांची आणि जिवाणूंची गरज वाढलेली. मासे पृष्ठभागाशी तोंड आपटू लागले की झाकण थोडं उघडा, वर जाळी टाका (दानिओ उडी मारतो) आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका सोडा. दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नका, तासाभरात पाच अंशांचा झोका बसतो. पंख्याने पाणी उडेल, ती भर आरओच्या पाण्याने घाला. नळाच्या पाण्याने भर घालत राहिलात तर पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि टीडीएस ४२० चा सहाशे-सातशे होतो.

वीज गेली तर एअर पंप इन्व्हर्टरवर टाका, जेमतेम ३ ते ५ वॉट खातो. हीटर नको.

शेवाळे_काका

परदेशी नावांच्या गर्दीत आपले मासे विसरू नका. झेब्रा दानिओ आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, हनी गौरामी ईशान्येचा आणि बांगलादेशचा. पण 'देशी' म्हणून काहीही आणू नका. केरळ-कर्नाटकच्या नद्यांतला डेनिसन बार्ब, ज्याला मिस केरळ म्हणतात, दिसायला देखणा आहे, पण १५ सेंमीपर्यंत होतो, थव्याने राहतो आणि त्याला चार फुटी टँक लागतो. निसर्गात तो धोक्यात आला आहे. कोकण-गोव्याच्या ओढ्यांत, विहिरींत दिसणारा पट्टेरी पॅनचॅक्स १० सेंमी होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, गप्पीसकट. सहलीला गेल्यावर ओढ्यातले मासे पिशवीत भरून आणण्याची हौस टाळा.

वनस्पती म्हणाल तर कठीण पाण्यात व्हॅलिस्नेरिया झकास वाढते. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधा, वाळूत पुरलं तर खोड कुजतं. दिवा दिवसाला ६ ते ८ तास पुरे. त्याहून जास्त लावला की हिरवं शेवाळ, आणि मग लोक पुन्हा सकर आणायला निघतात.

मृण्मयी_बाणेर

सर्वांचे खूप आभार. आरओ मिसळणं रोजच्या धबडग्यात जमणार नाही, म्हणून पहिली वाट: नर गप्पी ८ आणि कोरिडोरास ६. बरोबर दानिओ ६ घेतले तर चालतील का? आणि गौरी-गणपतीला आठ दिवस कोकणात जातो, तेव्हा खाण्याचं काय?

पाणवठा

दानिओ नको. आकड्यांत बसतील, स्वभावात नाही. ते वरच्या थरात भरधाव असतात, खाद्य पडताच उचलतात, लांब शेपटीचे गप्पी मागे पडतात. ८ गप्पी आणि ६ कोरिडोरास ४० लिटरला भरपूर झाले.

एका दिवशी सगळे आणू नका. टँक तयार झाला की आधी ४ गप्पी. आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. शून्य राहिलं तर उरलेले ४, त्यानंतर दोन आठवड्यांनी कोरिडोरास. नवे मासे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या २० लिटरच्या प्लास्टिक टबात, हीटर आणि छोट्या स्पंज फिल्टरसह ठेवता आले तर बरं. त्यासाठी एक जादा स्पंज आत्तापासून मोठ्या टँकमध्ये टाकून ठेवा. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते तिथेच कळेल. दुकानात ज्या टँकमध्ये एकही मासा मेलेला किंवा पर मिटून बसलेला असेल, त्या टँकमधलं काहीच घेऊ नका. इंजेक्शनने रंगवलेले, भडक निळे-गुलाबी काचमासेही नकोत.

घरी आणल्यावर पिशवी २० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी घाला, साधारण अर्धा तास. दुकानाचं पाणी मऊ असेल तर तासभर घ्या. नंतर मासे जाळीने उचला, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. कोरिडोराससाठी बुडणारी गोळी रात्री दिवा बंद केल्यावर. ते 'उष्टं खाऊन जगतात' असं दुकानदार सांगतो, ते खरं नाही.

दर आठवड्याला १० लिटर पाणी बदला. नवं पाणी घालण्याआधी टीडीएस मोजा. टँकरमुळे टँकच्या पाण्यापेक्षा १००हून जास्त फरक आला तर १० लिटर एकदम न घालता दोन-तीन दिवसांत थोडं थोडं घाला. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा.

गणपतीचं म्हणाल तर धडधाकट वाढलेले मासे आठ दिवस उपाशी सहज राहतात. जाण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी नाही, म्हणजे काही बिघडलं तर तुमच्यासमोर बिघडेल. दिव्याला टायमर लावा. पाण्यात विरघळणारे सुट्टीचे ठोकळे ठेवू नका, पाणी गढूळ होतं. शेजाऱ्यांकडे चावी देणार असाल तर त्यांना फिल्टरचे बुडबुडे चालू आहेत का एवढंच बघायला सांगा, आणि खाद्याचा डबा कपाटात कुलपात ठेवून जा. प्रेमापोटी चमचाभर टाकतात लोक.